भांडण नावाचं, टंचाई पाण्याची

2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं. कुणी जल्लोष केला, कुणी हळहळलं. पण पाटी बदलल्याने कोणाच्या नळाला तासभर जादा पाणी आलं का?

गंमत म्हणजे ही दोन्ही नावं पाण्याशी जोडलेली आहेत. पंधराव्या शतकाच्या अखेरीस मलिक अहमदने हे शहर वसवलं. पुढे निजामशाहीने कापूरवाडी, वडगाव, शेंडी भागातलं पाणी जमिनीखालच्या खापरी नळांतून शहरात आणलं. याच जिल्ह्यातल्या चौंडीत 1725 मध्ये जन्मलेल्या अहिल्याबाईंनी देशभर विहिरी, बारवा, घाट बांधले. वारसा सांगायचा तर आधी पाण्याचा सांगा.

तो सांगायला कोणी तयार नाही. आपल्या वस्त्यांत मतं मागायला येणाऱ्याकडे आपण काय मागतो? कब्रस्तानची भिंत, शादीखाना, चौकाला नाव. तेही हवंच. पण नळाची लाईन गटारातून गेली आहे, हे कोण विचारतं? पाणी बंद झालं की पाइपातला दाब जातो आणि फुटक्या जागेतून गटाराची घाण आत ओढली जाते. मग घरोघरी जुलाब आणि कावीळ. दवाखान्याचं बिल गरीब भरतो आणि रात्री जागून हंडे बाई भरते.

पैसा नाही, पाऊस नाही, ही सबब याच जिल्ह्यात चालत नाही. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार दुष्काळी पट्ट्यातलंच. तिथे ग्रामसभा दरवर्षी पडलेला पाऊस मोजते आणि पाण्याचा ताळेबंद मांडते. पहिला हक्क पिण्याच्या पाण्याचा. शेतीला बोअरवेल बंद. एका गावाला जमतं, ते महापालिकेला का जमू नये?

हजरत उस्मान यांनी मदिनेतली रूमाची विहीर विकत घेतली आणि सर्वांसाठी खुली केली. पाणी विकण्याची नाही, वाटण्याची गोष्ट आहे, हे आपण जुम्म्याला ऐकतो आणि शनिवारी टँकरवाल्याला पैसे देतो.

म्हणून यापुढे प्रत्येक प्रभागाने तीन गोष्टी लेखी मागाव्यात: पाणी सोडण्याची ठरलेली वेळ, गटारातून बाहेर काढलेली लाईन आणि पाणी तपासणीचा महिन्याचा अहवाल. तो मशीद, मंदिर आणि अंगणवाडी, तिन्हींच्या फलकावर लागला पाहिजे. मोहल्ल्याने आणि शेजारच्या आळीने एकाच अर्जावर सह्या कराव्यात. घाण पाणी दोघांच्या पोटात सारखंच जातं.