गाणारी डबी घरी आणताना

मराठी मुलखापासून दूर, माळव्यात, गुजरातेत किंवा तेलंगणात पिढ्यान्‌पिढ्या स्थिरावलेल्या आपल्या घरांतून मराठी टिकून राहिली, त्यामागे पुस्तकांइतकाच गाण्यांचाही वाटा आहे. नातवंडांचे शिक्षण हिंदीत वा इंग्रजीत होते. परंतु आजीच्या खोलीतून सकाळी येणारा अभंग त्यांच्या कानी पडल्यावाचून राहत नाही. हे गाणे घरात आणणारी साधने मात्र सतत पालटत आली. फिलिप्सची कॅसेट १९६३ साली आली, सोनीचा वॉकमन १९७९ साली, आणि २००१ साली अ‍ॅपलने आयपॉड आणला. त्या आयपॉडचे उत्पादनही २०२२ साली थांबले. असे असूनही आगपेटीएवढे साधे प्लेअर आजही मिळतात आणि त्यांचे प्रयोजन संपलेले नाही.

मोबाइलवर सर्व काही ऐकता येत असताना हे निराळे यंत्र कशाला, असे कोणी विचारील. ज्यांची दृष्टी मंदावली आहे, ज्यांचे बोट काचेवर स्थिरावत नाही, त्यांना चाचपून कळणारी बटणे हवी असतात. भजन रंगात आले असता मध्येच फोन खणखणू नये, जाहिरात लागू नये, हीदेखील गरज लहान नव्हे. म्हणून अशा यंत्राची मांडणी कशी करावी आणि ते अडल्यास काय पाहावे, याचा विचार या वेळी करू.

प्रथम हिशेब. एमपी-थ्री ही पद्धत कानाला सहसा जाणवत नाही असा ध्वनीचा अंश वगळून गाणे आटोपशीर करते. १२८ किलोबिटच्या प्रतीत एका मिनिटाला सुमारे १ एमबी जागा लागते. म्हणजे अर्ध्या तासाचा ख्याल ३० एमबीत मावतो आणि ३२ जीबीच्या कार्डात पाचशे तासांहून अधिक संगीत राहते. तंबोऱ्याचा झंकार नीट ऐकू यावा असे वाटत असेल, तर १९२ वा २५६ किलोबिटची प्रत घ्यावी. मात्र हलकी प्रत मागाहून जड केल्याने गेलेला अंश परत येत नाही; ताकाचे पुन्हा दूध होत नाही, तसेच हे.

दुसरी गोष्ट क्रमाची. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांचे गीतरामायण १९५५-५६ साली पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झाले. त्यात ५६ गीते आहेत, आणि कथा त्यांच्या क्रमातून उलगडते. यंत्र मात्र वर्णक्रमाने चालते. त्याला रामकथा ठाऊक नाही. यास्तव प्रत्येक फाइलच्या नावाआधी ०१, ०२ असे दोन अंकी आकडे घालावेत. नुसते १, २ लिहिल्यास पुष्कळ यंत्रे १ नंतर १० वाजवतात. काही स्वस्त यंत्रे नावाकडे न पाहता ज्या क्रमाने फाइली भरल्या त्याच क्रमाने वाजवतात. तेथे गाणी ओळीने, एकेक करून भरावीत. ‘शफल’ची खूण चालू राहिली असल्यास हे सर्व श्रम व्यर्थ जातात, हेही ध्यानात असावे.

आता अडचणींकडे वळू. यंत्राची कोणतीच कळ चालत नाही, अशी तक्रार आली की प्रथम बाजूची ‘होल्ड’ची कळ पाहावी, खिशात ती सहज सरकते. यंत्र खरोखरच गोठले असेल, तर पुष्कळ नमुन्यांत चालू-बंदची कळ दहा-पंधरा सेकंद दाबून धरल्यास ते पुन्हा सुरू होते. संगणकाला जोडूनही यंत्र दिसत नसेल, तर वायर बदलून पाहावी. काही वायरी केवळ वीज नेतात, माहिती नेत नाहीत. एकाच कानात आवाज येत असेल, तर हेडफोनची पिन पूर्ण आत गेली आहे काय आणि भोकात कापसाचे तंतू अडकले आहेत काय, ते पाहावे.

कार्ड घातले तरी यंत्र ते ओळखत नाही, याचे कारण बहुधा मांडणीत असते. ६४ जीबी व त्यापुढील कार्डे साधारणतः एक्सफॅट मांडणीची येतात आणि जुन्या यंत्रांना फॅट ३२ हीच मांडणी कळते. त्यांना ३२ जीबीचे कार्ड पुरे. मराठी नावांच्या जागी चौकोन वा प्रश्नचिन्हे उमटली, तर गाणे बिघडलेले नसते. यंत्राला देवनागरी येत नसते एवढेच. तेथे नावे रोमन लिपीत लिहावीत. मोबाइलवरील वर्गणीच्या अ‍ॅपमध्ये उतरवलेली गाणी कुलूपबंद असतात. ती प्लेअरमध्ये भरून वाजत नाहीत. याउलट आधीची गाणी ठीक वाजतात व मागाहून भरलेली वाजत नाहीत, असे झाल्यास कार्ड बनावट असण्याचा संभव असतो. वर ६४ लिहिलेले आणि आत जागा ८ जीबीचीच, असा प्रकार घडतो. नवे कार्ड घेताच ते पूर्ण भरावे आणि शेवटचे गाणे वाजवून पाहावे.

आता सर्वांत महत्त्वाचे. आमच्या परिचयातील एका कुटुंबात आजोबांच्या कीर्तनाच्या कॅसेटी होत्या. मुलांनी हौसेने त्या कार्डावर उतरवल्या आणि ‘आता या कशाला’ म्हणून कॅसेटी रद्दीत दिल्या. पुढे यंत्र अडले. दुरुस्तीवाल्याने कार्ड ‘फॉरमॅट’ करून दिले. यंत्र उत्तम चालू लागले. आजोबांचा आवाज मात्र गेला. बाजारातील गाणे पुन्हा मिळते, घरातील आवाज मिळत नाही. म्हणून फॉरमॅट या शब्दाचा अर्थ ‘सर्व पुसणे’ असा समजावा आणि प्रत हाती असल्यावाचून त्यास कधीही होकार देऊ नये.

आपल्या घरी आजीच्या ओव्या, वडिलांचे भाषण, बारशाचा पाळणा अशा कॅसेटी असतील, तर टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या भोकातून संगणकाच्या ‘लाइन-इन’मध्ये वायर जोडावी आणि ऑडॅसिटी या विनामूल्य साधनाने ध्वनी उतरवावा. एका तासाच्या कॅसेटीस पूर्ण तास लागतो. येथे घाई चालत नाही. मूळ कॅसेट कोरड्या जागी ठेवावीच. एक प्रत संगणकावर, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या गावच्या नातलगांकडे असावी. यंत्रातील कार्ड हे केवळ ऐकण्यासाठी; त्याला तिजोरी मानू नये.

वाचकहो, पावसाळ्याच्या दमटपणाने त्या फिती आणखी खराब होतात. येत्या रविवारी कपाटातील तो डबा खाली काढावा, नातवंडांना जवळ बसवावे आणि प्रत्येक कॅसेटीवर आवाज कोणाचा, साल कोणते, हे मराठीत लिहून घ्यावे. ते सांगू शकणारी माणसे घरात आहेत, तोवरच हे काम होण्यासारखे आहे.