चौकोनी कंसाची बदनामी पुरे झाली

१/७ शेल स्क्रिप्टमध्ये शून्य म्हणजे ‘खरे’, आणि चौकोनी कंसाच्या आत मोकळी जागा सोडली नाही तर स्क्रिप्ट अडते. एवढ्यावरून युनिक्सच्या कर्त्यांना वेंधळे ठरवण्याची टूम निघाली आहे. ही टीका इतिहासाच्या अज्ञानातून आलेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

२/७ केन थॉम्पसन यांचा शेल १९७१ मधला, बेल लॅब्जचा. त्याच्या भाषेत ‘इफ’ नव्हता. तो पुढे एक स्वतंत्र प्रोग्राम म्हणून आला. ‘गोटू’ही तसाच. तो स्क्रिप्टच्या फाइलमधील खूण शोधून वाचनाची जागा तिथे सरकवी आणि शेल तेथून पुढे वाचू लागे.

३/७ १९७९ च्या सातव्या आवृत्तीतील स्टीफन बॉर्न यांच्या शेलमध्ये ‘इफ’ भाषेचाच शब्द होता. आल्गॉल ६८ च्या धर्तीवर शेवटी त्याचा उलटा ‘फि’ आला. तपासणी मात्र शेलने स्वतःकडे घेतली नाही. ‘इफ’ एखादी आज्ञा चालवतो आणि ती संपताना कोणता अंक देऊन गेली, एवढेच पाहतो.

४/७ तो कंस म्हणजे ‘टेस्ट’ या आज्ञेचेच दुसरे नाव. मिटणारा कंस हा तिचा अखेरचा आर्ग्युमेंट. ‘एलएस’ला फोल्डरचे नाव चिकटवून लिहिले, तर दोष शेलचा काय?

५/७ आता शून्य. यशाची तऱ्हा एक, अपयशाच्या अनेक. ‘ग्रेप’ पाहा: मजकूर सापडला तर ०, न सापडला तर १, फाइलच उघडली नाही तर २. शून्याला ‘खोटे’ मानले असते, तर अपयशाच्या वाट्याला एकच अंक उरला असता.

६/७ दोष नव्हताच, असे मी म्हणणार नाही. अवतरणचिन्हांविना लिहिलेले व्हेरिएबल रिकामे निघाले, तर ते आज्ञेपर्यंत पोहोचण्याआधीच नाहीसे होते आणि तपासणी कोलमडते. डेव्हिड कॉर्न यांच्या शेलच्या १९८८ च्या आवृत्तीत यावर दुहेरी कंस आला. तो आज्ञा नसून भाषेचा भाग आहे, म्हणून त्यात हा घात होत नाही.

७/७ दोषाचे मूळ ओळखले, म्हणूनच हा उपाय सापडला. खिल्ली उडवून तो सापडला नसता. गोमुखी दरवाजा वाकडा का, हे न विचारता गवंड्याला हसणाऱ्यास आपण दुर्गप्रेमी म्हणत नाही. मित्रहो, हाच न्याय शेललाही लावा.