दारिद्र्यापायी घर सुटू नये

निवासी शाळेच्या स्मरणिकेत, मुलांना संस्थेत ठेवण्याविषयीच शंका घेणाऱ्या माणसाचे स्मरण काहींना अनुचित वाटेल. तरीही होमर फोक्स यांचे कार्य आपण अभ्यासावे, असे माझे मत आहे.

अमेरिकेतील मिशिगन राज्यात १८६७ साली जन्मलेले फोक्स १८९३ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टेट चॅरिटीज एड असोसिएशनचे सचिव झाले. १९०२-०३ मध्ये ते त्या शहराच्या सार्वजनिक धर्मादाय खात्याचे आयुक्त होते. तेथील मोठमोठ्या अनाथालयांतील कित्येक मुले अनाथ नव्हतीच. त्यांची आई किंवा वडील हयात होते. घरात अन्न नव्हते, एवढाच त्यांचा अपराध. १९०९ मध्ये राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बोलावलेल्या परिषदेच्या प्रवर्तकांत फोक्स होते. केवळ दारिद्र्याच्या कारणास्तव मुलाला घरापासून तोडू नये, हे तत्त्व तिने मान्य केले. १९११ मध्ये इलिनॉय राज्याने निराधार मातांना घरीच साहाय्य देण्याचा कायदा केला आणि १९१२ मध्ये केंद्रीय बालक विभाग स्थापन झाला.

हा विचार आपल्याला परका नाही. राहुलाच्या प्रव्रज्येने व्यथित झालेल्या शुद्धोदनाने विनंती केली, तेव्हा मातापित्यांच्या अनुमतीविना मुलाला प्रव्रज्या देऊ नये, असा नियम तथागतांनी घालून दिला.

मग वसतिगृहे चुकीची ठरतात काय? मुळीच नाही. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ मध्ये सोलापूरला वसतिगृह काढले ते विद्येसाठी. घराला पर्याय म्हणून नव्हे. हा भेद पुसला गेला, की शाळेचे अनाथालय होते.

म्हणून आपल्या संस्थेने प्रत्येक प्रवेशाच्या वेळी विचारावे : हे मूल शिकण्यासाठी येत आहे, की घरी चूल पेटत नाही म्हणून? दुसरे कारण असेल, तर विधवा आईला शिष्यवृत्तीची रक्कम घरपोच देऊन मूल गावच्या शाळेत शिकू शकेल काय, हे आधी पाहावे. जी मुले येथे राहतील, त्यांच्या पालकांना भेटीसाठी प्रवासखर्च द्यावा. माजी विद्यार्थ्यांनी नव्या इमारतीइतकेच या निधीलाही दान द्यावे. पटसंख्या थोडी घटली तरी चालेल; कोणत्याही मुलाला केवळ भुकेपोटी आईचा निरोप घ्यावा लागू नये.