अपूर्ण हातांची सेवा

शाळेंत प्रार्थनेची किंवा शास्त्रवाचनाची पाळी आली म्हणजे एखादा विद्यार्थी हळूच जवळ येऊन म्हणतो, "सर, माझ्याऐवजीं दुसऱ्या कोणाला सांगा. मी तितका चांगला नाहीं." पुष्कळ वेळां हा केवळ भित्रेपणा असतो, परंतु कधीं कधीं त्या मुलाच्या डोळ्यांत खरोखरीची टोंचणी दिसते. तो घरीं कांहीं खोटें बोललेला असतो, मित्राशीं कपटानें वागलेला असतो, आणि अशा तोंडानें देवाचें नांव कसें घ्यावें, असें त्यास वाटत असतें. ही टोंचणी आम्हां वडील माणसांसहि आहे. मंडळींतील कितीतरी सज्जन आपल्या स्वभावांतील एखादें वैगुण्य पुढें करून सेवेपासून दूर राहतात, आणि त्यास नम्रता म्हणतात. या नम्रतेविषयीं मला शंका आहे.

ही शंका स्वतःच्या फजितींतून उत्पन्न झाली. कांहीं वर्षांपूर्वीं परीक्षेच्या दिवसांत मीं एका मुलावर नक्कल केल्याचा आरोप ठेविला, आणि साऱ्या वर्गासमोर त्यास नाहीं नाहीं तें बोललों. दुपारीं कळलें कीं, मुलगा निर्दोष होता. त्याच सायंकाळीं मला प्रार्थनासभा चालवावयाची होती. प्रकृति बरी नाहीं अशी चिठ्ठी मीं लिहिली. ती वाचून माझी पत्नी म्हणाली, "सभेला न जाणं सोपं आहे. त्या मुलाची क्षमा मागणं अवघड आहे. तुम्ही सोपं तेवढं निवडतां आहांत." मीं चिठ्ठी फाडली आणि सभेस गेलों. दुसऱ्या दिवशीं ज्या वर्गासमोर आरोप केला होता, त्याच वर्गासमोर मुलाची क्षमा मागितली. तो खालीं मान घालून "असूं द्या, सर" एवढेंच म्हणाला. अपात्र आहों असें सांगून आपण मागें सरतों, तेव्हां देवाच्या गौरवापेक्षां स्वतःच्या अब्रूचीच काळजी आपणांस अधिक असते, हें मला त्या दिवशीं कळलें.

महाराष्ट्रांतील मंडळी ज्यांचीं गीतें आजहि गातात, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) निर्दोष पुरुष नव्हते. त्यांचा शीघ्रकोप, लहरीपणा, घरीं न सांगतां निघून जाणें, पैशाविषयींची बेपर्वाई, हें सर्व त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं १९३४ पासून भागाभागांनीं प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रें' या आत्मचरित्रांत मोकळेपणें लिहून ठेविलें आहे. १८९५ सालीं टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां आपणांवर कोसळलेलें दुःखहि त्यांनीं झांकलें नाहीं. त्या वियोगाचा कांहीं काळ त्यांनीं आपल्याच जिल्ह्यांतील पंढरपुरांत काढला. पुढें १९०० सालीं त्यांचाहि बाप्तिस्मा झाला. त्या स्वतःसहि सोडीत नाहींत. सोंवळ्याओंवळ्याचा पगडा आपल्या मनावरून किती हळूहळू उतरला, हें त्या हंसत हंसत सांगतात. दोघांपैकीं एकानेंहि आपला स्वभाव संपूर्ण सुधारेपर्यंत सेवा थांबविली नाहीं.

टिळकांनीं 'ख्रिस्तायन' हें महाकाव्य रचावयास घेतलें. परंतु थोडेच अध्याय झाले असतां १९१९ सालीं ते निवर्तले. अपुरें काम लक्ष्मीबाईंनीं हातीं घेतलें. त्यांचें शालेय शिक्षण झालेलें नव्हतें. लिहावयास-वाचावयास त्या लग्नानंतर शिकल्या. तरी त्यांनीं त्या काव्याचे साठांहून अधिक अध्याय रचिले. आधीं विदुषी होऊं, मग लेखणी धरूं, असें म्हणून त्या थांबल्या असत्या, तर तें काव्य अपुरेंच राहतें.

येथें कोणी विचारील, "मग काय, दोष असले तरी चालतील?" आपल्या सोलापुरांतील मुलांना याचें उत्तर मागावर सांपडेल. सूत तुटतें. कधींच न तुटणाऱ्या सुताची वाट पाहात विणकर बसत नाहीं. आणि तुटलेलें सूत तसेंच सोडून पुढेंहि विणीत नाहीं. तो माग थांबवितो, टोंकें सांधतो, आणि पुन्हां विणूं लागतो. ज्याला आपण दुखविलें त्याच्याकडे जाणें, हें तें सांधणें होय. पेत्रानें तीन वेळां प्रभूला नाकारलें; तो फार रडला. प्रभूनेंहि त्याच्या प्रीतीविषयीं तीन वेळां विचारलें, आणि प्रत्येक वेळीं आपलीं मेंढरें त्याच्यावरच सोंपविलीं. पौलानें आपली व्यथा दूर व्हावी म्हणून तीनदां विनविलें. व्यथा राहिली, परंतु तिच्यासह चालावयास पुरेल इतकी कृपा त्यास लाभली.

पालकांनो, या अंकाचे सर्वच वाचक ख्रिस्ती नाहींत, हें मी जाणतों. परंतु ही गोष्ट कोणत्याहि घरास लागू आहे. आपण कधींच चुकत नाहीं असा देखावा आपण मुलांपुढें उभा करितों. मुलें तो ओळखतात, आणि चूक झाली कीं लपवावी, एवढाच धडा घेतात. बापानें एकदां "माझें चुकलें" म्हटलेलें ज्या मुलानें ऐकलें, त्यास स्वतःचें चुकलें असतां तोंड लपवावें लागत नाहीं.

आणि विद्यार्थी मित्रहो, पुढील वेळीं प्रार्थनेची पाळी आली आणि मनांत टोंचणी असली, तर पाळी दुसऱ्यास देऊं नका. ज्याच्याशीं बिघडलें असेल त्याच्याकडे आधीं जा, आणि मग या. उशीर झाला तरी चालेल, आम्ही थांबूं.