लडाखचा पाऊस हिशेबात धरा

प्रति,
नायब राज्यपाल, केंद्रशासित प्रदेश लडाख;
लेह आणि कारगिल येथील स्वायत्त पर्वतीय विकास परिषदा;
भारतीय हवामानशास्त्र विभाग;
आणि महाराष्ट्रातून लडाखच्या सहली नेणारे सर्व पर्यटन व्यावसायिक



जून लागला की मराठी वर्तमानपत्रांत लडाखच्या जाहिराती सुरू होतात. त्यांचा मुद्दा ठरलेला: इथे चिखल आणि छत्र्या, तिथे कोरडे निळे आभाळ. शाळेच्या भूगोलानेही आपल्याला हेच शिकवले. हिमालय मॉन्सूनला अडवतो आणि त्यामागचा लडाख पर्जन्यछायेत राहतो. सरासरीपुरते हे खरेच आहे. सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवरच्या लेहमध्ये पाऊस आणि बर्फ मिळून वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटर पडते. महाबळेश्वरला जुलैत तेवढा पाऊस एका दिवसात होतो आणि कुणी दखलही घेत नाही. पण या सरासरीवर विसंबून लडाखमध्ये रस्ते, घरे, हॉटेले आणि तंबू उभे राहत आहेत. म्हणून हे पत्र. जुलै-ऑगस्टचा पाऊस तिथे अपघात म्हणून नव्हे, ऋतू म्हणून धरावा, एवढीच त्यातली मागणी आहे.

पर्जन्यछायेत हा पाऊस येतो कसा? बंगालच्या उपसागरावरचे बाष्प हिमालयाच्या पायथ्याने वायव्येकडे सरकते, अरबी समुद्राकडचे बाष्प त्यात मिसळते आणि वरच्या हवेतले वारे जुळून आले की त्यातले काही रांगा ओलांडून पलीकडे उतरते. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री हेच घडले. तिबेटच्या तापलेल्या पठारावर वाढणारे गडगडाटी ढग त्या दिवसांत पूर्वेच्या वाऱ्यावर पश्चिमेकडे ढकलले जात होते. त्यांना खालून ओलसर हवा मिळाली आणि ते लेहच्या डोंगरांवर रिते झाले. बसस्थानक, रुग्णालय, टेलिफोन एक्स्चेंज यांत चिखल शिरला. चोगलमसरची वस्ती दगडमातीच्या लोंढ्यात सापडली. साबू, फ्यांग, निम्मू, बासगो या गावांतली शेते गाडली गेली. दोनशेहून अधिक माणसे गेली. आणि लेहच्या पर्जन्यमापकात त्या दिवशीची नोंद होती १२.८ मिलिमीटर!

ही नोंद चुकीची नव्हती. खरा पाऊस वरच्या उतारांवर झाला आणि तिथे मोजायला काही नव्हते. शिवाय त्या भूमीला फार पाऊस लागतही नाही. सह्याद्रीच्या उतारावर माती धरून ठेवायला झाडोरा असतो. लडाखचे उतार उघडे आहेत, थंडीने फुटलेल्या दगडांचे आणि हिमनद्यांनी मागे टाकलेल्या राड्याचे. जोराच्या सरीचे पाणी तिथे मुरत नाही. ते दगडमाती घेऊन नाल्यात उतरते आणि ओल्या काँक्रीटसारखे दाट होऊन दरीच्या तोंडाशी पसरते. हजारो वर्षे असेच पसरत गेल्यामुळे प्रत्येक नाल्याच्या तोंडाशी पंख्याच्या आकाराची उतरती जमीन तयार झाली आहे. डोंगराळ मुलखात घर बांधायला, रस्त्याला लागून हॉटेल काढायला, मजुरांची पाले टाकायला यापेक्षा सोयीची जागा नाही. आणि नाला सुटला की तो पहिल्यांदा तिथेच येतो.

हवामान विभागाला पहिली विनंती. २०२० मध्ये लेहला हवामान केंद्र आले, जानेवारी २०२२ मध्ये डॉप्लर रडार सुरू झाले. ही मोठी सोय आहे. पण रडारचा किरण डोंगराआड पाहू शकत नाही. वस्तीच्या वरच्या प्रत्येक मोठ्या नाल्यात स्वयंचलित पर्जन्यमापक आणि पाण्याची पातळी मोजणारे यंत्र हवे, खाली भोंगा हवा. आणि निकष बदलायला हवेत. आपल्याकडे २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे गेला की ‘जोरदार पाऊस’ म्हणतात. लेहमध्ये एवढा पाऊस म्हणजे वर्षाच्या निम्म्याहून अधिक. ताशी १०० मिलिमीटर ही ढगफुटीची व्याख्या तर तिथल्या अख्ख्या वर्षाएवढी आहे. कोकणाच्या मापाने लडाखला इशारे देता येणार नाहीत. तिथल्या उतारांना किती पाऊस झेपतो, हे जागेवर तपासून इशाऱ्याचा आकडा ठरवावा.

नायब राज्यपाल महोदय आणि पर्वतीय परिषदांचे सदस्य यांना दुसरी विनंती. नाल्यांच्या तोंडांचे नकाशे करा आणि ते फाइलीत न ठेवता गावच्या चौकात लावा. त्या पट्ट्यात नवे बांधकाम, हॉटेल, तंबूंची वसाहत यांना परवानगी देऊ नका. सीमेवरचे रस्ते बांधायला झारखंड, बिहार आणि नेपाळमधून आलेले मजूर जिथे पाल टाकतात, ती जागा ठेकेदाराच्या सोयीने ठरू नये, नकाशा पाहून ठरावी. इशारा त्यांच्या भाषेत त्यांच्यापर्यंत पोचला पाहिजे.

इशारा पोचवणारा माणूस गावात आहेच. लडाखच्या खेड्यात शेतांना पाणी वाटून देणारा छुरपोन असतो. कोणत्या शेताचे पाणी कोणत्या पाटातून येते आणि नाला कुठून कुठे वळतो, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नसते. त्याला मानधन द्या, रेडिओ संच द्या, आपत्ती व्यवस्थापनात अधिकृत स्थान द्या.

घरांचाही विचार व्हावा. पॉप्लरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काटक्या आणि वर मातीचा जाड थर, असे लडाखी छप्पर उणे २० अंशांच्या थंडीत घर उबदार ठेवते. पण दोन-तीन दिवसांची संततधार त्याला सोसत नाही. ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस असा पाऊस लडाखने पाहिला. यावर ‘सिमेंटचे स्लॅब टाका’ हे उत्तर सोपे आहे, पण ते हिवाळ्यात महागात पडते. मातीच्या थराखाली पाणी अडवणारा पडदा, पुरेसा उतार, भिंतीपासून लांब पाणी सोडणारे पन्हळ, या साध्या सुधारणांना अनुदान दिले तर जुने घर टिकेल आणि ऊबही टिकेल.

आणि शेतकरी. आपल्याकडे पाऊस म्हणजे पेरणी, त्यामुळे ‘वाळवंटात पाऊस पडला’ हे ऐकून आपल्याला आनंदच होतो. लडाखचे शेत पावसावर नसते. सूर्य तापला की वरचा बर्फ वितळतो आणि पाटाला पाणी येते. आभाळ भरून राहिले की वितळणे मंदावते. त्याच दिवसांत जर्दाळू छपरावर वाळत घातलेले असतात आणि जव कापणीला येत असते. एका भिजलेल्या आठवड्यात वर्षाची कमाई काळी पडते. झाकलेली सौर वाळवणयंत्रे गावोगावी देणे, ही काही फार मोठी मागणी नाही.

आता आपल्या मराठी पर्यटन व्यावसायिकांशी. २०२२ साली लडाखला पाच लाखांहून अधिक पर्यटक गेले. २०११ च्या जनगणनेनुसार तिथली लोकसंख्या होती २,७४,२८९. पाहुणे यजमानांच्या जवळजवळ दुप्पट, आणि त्यांत मराठी माणसे भरपूर. ‘लडाखला पाऊस नसतो’ हे वाक्य जाहिरातीतून काढून टाका. जुलै-ऑगस्टच्या सहलीत मोकळा दिवस ठेवा, म्हणजे रस्ता बंद झाला तरी चालकावर रात्री गाडी हाकायची सक्ती होणार नाही. नदीकाठचे, नाल्याच्या तोंडाशी असलेले तंबू आरक्षित करू नका. कोरड्या पात्रातला मुक्काम फोटोत सुंदर दिसतो, पण तुमच्या ग्राहकाला त्या पात्राचा इतिहास ठाऊक नसतो. तो सांगणे तुमचे काम आहे.

हे आम्ही शहाणपण शिकवायला लिहीत नाही. माळीण, तळिये, इर्शाळवाडी ही दरडीखाली गाडल्या गेलेल्या वस्त्यांची नावे आमच्याच राज्यातली आहेत. उताराखालच्या गावाला वेळीच हलवले नाही तर काय होते, ते आम्ही तीनदा पाहिले आणि तिन्ही वेळा नंतर पाहणी केली. लडाखने २०१० साली ती किंमत आधीच मोजली आहे.

म्हणून एक ठोस उत्तर मागतो. येत्या जूनच्या अखेरीपर्यंत लेह आणि कारगिल जिल्ह्यांतल्या धोक्याच्या नाल्यांची यादी, प्रत्येकाच्या वर यंत्र बसले की नाही आणि त्या पट्ट्यात किती बांधकामांना परवानगी दिली, हे लडाखी, पुरगी आणि हिंदीत जाहीर करा. महाराष्ट्रातल्या पर्यटन संस्थांनी ती यादी मराठीत करून प्रत्येक प्रवाशाच्या हाती द्यावी. ज्या हॉटेलचे नाव त्या पट्ट्यात येईल, तिथे आम्ही उतरणार नाही.

आपला,
पावसाळ्यात लडाखला जाणाऱ्यांपैकी एक