नाटक म्हणण्याआधी

एमआरआय नॉर्मल, रक्त नॉर्मल, तरी पाय उचलत नाही. किंवा फिटसारखे झटके येतात आणि ईईजीत काहीच दिसत नाही. आपल्याकडे अशा मुलीला लगेच ऐकवतात, "काही झालेलं नाही, नाटकं करतेय."

या आजाराचं नाव फंक्शनल न्यूरॉलॉजिकल डिसऑर्डर, थोडक्यात एफएनडी. मेंदूचा कुठला भाग खराब झालेला नसतो, त्याचं कामकाज बिघडलेलं असतं. तपासताना त्याच्या खुणाही सापडतात. हूवर नावाच्या डॉक्टरांनी १९०८ मध्येच एक खूण सांगितली. रुग्ण आडवा झोपलेला असताना लुळा पाय मुद्दाम खाली दाबायला सांगितला तर जोर लागत नाही. दुसरा पाय उचलायला सांगितला की तोच पाय आपसूक दाबला जातो. ताकद आहे, पण मागितली की मिळत नाही. याला सोंग कसं म्हणायचं?

उपचारांत थोड्या बैठकांचा मानसोपचारही असतो. ब्रिटनमध्ये झटके येणाऱ्या ३६८ जणांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. साधारण निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत अशा १२ बैठका देऊ केल्या. वर्षाने पाहिलं तर झटक्यांच्या संख्येत दोन्ही गटांत ठोस फरक नव्हता. मग सगळं फुकट? तसं नाही. बैठकांच्या गटाला झटक्यांचा जाच कमी वाटत होता, रोजची कामं जास्त जमत होती. माझ्या मते आजारी माणसाला हेच हवं असतं. कुणीतरी नीट ऐकून घेतलं, झटक्याची चाहूल ओळखता येऊ लागली, असं रुग्ण सांगतात. बैठका लवकर संपल्या, अशी काहींची तक्रारही असते.

पण 'नाटक' ऐकून आलेला माणूस त्या बैठकीला जाईल कशाला? एडिनबरोच्या डॉक्टरांनी रुग्णांना विचारलं होतं, की पायातली शक्ती गेली आणि तपासण्या नॉर्मल आल्या, तर डॉक्टरांचे कोणते शब्द लागतील? २००२ मध्ये छापून आलेलं उत्तर असं: 'सगळं मनात आहे' आणि 'हिस्टेरिया' फार लागले, 'फंक्शनल' बराच कमी.

मराठीत नाटक, सोंग, थेरं हे शब्द जिभेवर तयार असतात. आपण भाषेवर प्रेम करणारी मंडळी, मग एक साधं वाक्यही तयार ठेवूया: "तुला होतंय ते खरं आहे, आणि त्यावर उपचार आहेत." उपचाराची पहिली बैठक तिथेच, घरात नाहीतर वर्गात, सुरू होते.