समोरच्याच्या डोळ्यांत जाणारा उजेड

‘रात्री समोरून गाडी आली की काहीच दिसत नाही,’ ही तक्रार बाह्यरुग्ण विभागात हल्ली वारंवार ऐकू येते. दोष डोळ्यांचा की दिव्यांचा? बहुधा दोन्हींचा.

हॅलोजनचा उजेड पिवळसर, साधारण ३२०० केल्विनचा. एलईडीचा ६००० च्या आसपास, निळसर पांढरा. असा उजेड डोळ्यांना अधिक खुपतो. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर तो भिंगात विखुरतो आणि समोर धुके पसरते. वयाबरोबर डोळे सावरायलाही जास्त वेळ लागतो.

मात्र मुळातच एलईडीसाठी बनवलेल्या दिव्यात उजेडाची दिशा बेतलेली असते. खरा घोळ हॅलोजनच्या दिव्यात बाजारातला एलईडी बल्ब बसवण्यात आहे. त्या दिव्याचा परावर्तक हॅलोजनच्या तारेच्या जागेनुसार घडवलेला असतो. ती जागा चुकली की उजेड रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. त्याला क्षणभर काहीच दिसत नाही. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते.

म्हणून बल्ब मूळ प्रकारचाच ठेवा, समोरून वाहन आले की दिवा डिपरवर घ्या, गाडीची काच स्वच्छ ठेवा. आणि पन्नाशी ओलांडली असेल तर दिव्यांबरोबर डोळेही तपासून घ्या.